चौकशी होईपर्यंत

सहदेवने किसनरावांच्या गाडीतला कापूस मुठीत घट्ट दाबला आणि मूठ उघडली. कापूस लगेच फुलून वर आला. कडक वाळलेला, पाचोळ्याची एक काडी नाही. इतका चांगला माल अमरावतीच्या बाजारात त्या वर्षी क्वचितच आला असेल.

"वला हाये," सहदेव म्हणाला.

किसनराव हसले. त्यांना वाटलं, गडी थट्टा करतोय. मग त्यांनी त्याचं तोंड पाहिलं.

अठराशे पासष्टचा वैशाख होता. किसनरावांच्या चाळीस गाड्या रांगेत उभ्या होत्या आणि सकाळीच मुंबईहून तार आली होती. अमेरिकेतली लढाई संपली, कापूस गडगडला. आज विकला तर निम्मे तरी हाती लागतील. उद्याचं सांगायला कोणी तयार नव्हतं. आणि सरकारी मापारी 'चांगला' म्हणेपर्यंत बाजारातून एक गाडी हलत नव्हती. मापारी होता सहदेव.

दोन वर्षांपूर्वी याच किसनरावांचा कापूस खरोखर ओला होता. वजन वाढवायला पाणी शिंपडलेलं. सहदेवने तो परत पाठवला. किसनराव तडक कचेरीत गेले आणि शपथेवर सांगून आले, हा मापारी लाच मागतो. साहेब दौऱ्यावर निघायच्या घाईत. त्यांनी आधी सहदेवला बडतर्फ केलं आणि चौकशी मागाहून ठेवली. ती मागाहूनची चौकशी व्हायला दोन वर्षं लागली.

गेल्या आठवड्यात हुकूम आला. सहदेव निर्दोष, नोकरी बहाल, मागचा सगळा पगार अदा. महिना आठ रुपये, चोवीस महिने, एक पै कापली नाही. "पाहा, सरकार कसं न्यायी!" कारकून म्हणाला. न्यायी म्हणे! ज्वारी तिपटीने महागली होती, ते हुकमात कुठे होतं? आणि शकुन? सहदेवची ही एकुलती लेक. बाप लाचखाऊ म्हणून अकोटच्या मंडळींनी ठरलेलं लग्न मोडलं. शेवटी तिला तीन लेकरांच्या बिजवराला द्यावं लागलं. तो संसार आता कोणता साहेब रद्द करणार होता?

"सहदेवराव," किसनराव म्हणाले. आजवर 'सहद्या' म्हणणाऱ्या तोंडाला तो राव भलताच जड गेला. "तुमाले मालूम हाये, माल वाळका हाये. पायजे त्या गाडीत हात घालून पाहा."

"मालाची तक्रार झाली हाये."

"कोणं केली?"

"म्या. शपथेवर सांगीन."

अठरा वर्षांच्या नोकरीत सहदेव पहिल्यांदा खोटं बोलत होता. त्याला वाटलं होतं, जीभ अडखळेल. अडखळली नाही. उलट बरं वाटलं, फार बरं वाटलं.

"मंग आत्ताच करा न चौकशी!"

"ते साहेबाचं काम. साहेब चिखलदऱ्याले गेले. पाऊस पडला का उतरतीन. तवरक माल सरकारी गोदामात."

किसनरावांनी भर बाजारात पागोटं काढलं आणि सहदेवच्या पायावर ठेवलं. "तवरक भाव मातीत जाईन रे! मी बुडतो, सहदेवा!"

सहदेवने पाय मागे घेतला आणि गाडीवानांना बैल सोडायला सांगितलं. मग वाकून त्याने ते पागोटं उचललं, धूळ झटकली आणि अदबीने किसनरावांच्या हातात दिलं.

"घाबरता काहून, किसनराव? चौकशीत कापूस चांगला निघाला, का सरकार सारा वापस देते. बोंडभरबी कमी नाई. मले नाई देल्लं?"