पहिली माझी

अध्यक्षबाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि टेबलावरून चिटणिसांकडे सरकवली. खाली सही नव्हती. मजकूर एका ओळीचा होता: तुमच्या महोत्सवात हाताची म्हणून विकली जाणारी एक सुरई साच्यात ओतलेली आहे.

चिटणीस वेताच्या खुर्च्या विणत. घाई त्यांच्या स्वभावातच नव्हती. त्यांनी चिठ्ठीची नीट घडी घातली आणि ती खिशात टाकायला निघाले. महोत्सव परवावर आलेला, पोस्टरं भिंतींवर चढलेली, पत्रकारांना निमंत्रणं गेलेली. अशात झाकली मूठ झाकलेलीच बरी, असं त्यांचं म्हणणं पडलं.

"मूठ उघडायची," बाई म्हणाल्या. "द्या ती इकडे."

बावीस वर्षांपूर्वी सहा जणांना घेऊन त्यांनी हा कारागीर संघ उभा केला होता. तेव्हापासून नियम एकच: जे हाताने केलं, तेच गाळ्यावर. या नियमापायी त्यांनी बड्या दुकानदारांना दारातून परतवून लावलं होतं, एका मंत्र्याच्या मेहुण्यालासुद्धा. पोस्टरवर 'हाताचं' हा शब्द सगळ्यात मोठा छापायचा, हा हट्टही त्यांचाच.

संघात सुरया करणारे, स्वतः बाई धरून, पाच जण होते. त्यातल्या नव्या कुंभाराकडे सगळ्यांचं बोट गेलं. तो दोन वर्षांपूर्वी बाहेरून आलेला, ना कुणाच्या नात्यातला ना ओळखीतला, आणि माल मात्र त्याचा हातोहात खपायचा. लाकडी खेळणी करणाऱ्या कातारीने सुचवलं की त्याला यंदा गाळाच देऊ नये, म्हणजे बोभाटा न होता काटा निघेल.

बाईंनी त्या कुंभाराला बोलावून घेतलं. त्याने उभ्या उभ्याच सगळं ऐकलं.

"माझी फोडून बघा," तो म्हणाला. "पण मग सगळ्यांच्या फोडा. एकट्याची फोडलीत तर आत काहीही निघो, मी चोरच ठरणार."

कातारी त्याच्या अंगावर जायला उठला. बाईंनी त्याला हातानेच खाली बसवलं. त्यांना कुंभाराचं म्हणणं पटलं होतं. सुरईचं तोंड अरुंद, आत बोटही जात नाही. पण फुटली की काही लपत नाही. चाकावर उभ्या केलेल्या मातीत आतून बोटांच्या रेघा गोल गोल वर चढत जातात. साच्यातली आतून बशीसारखी गुळगुळीत.

"सगळ्यांच्या फोडू," बाई म्हणाल्या. "उद्घाटनाला, मंचावर, पत्रकारांच्या देखत. आणि पहिली माझी."

चिटणिसांनी कपाळाला हात लावला. बावीस वर्षांची अब्रू वेशीवर टांगली जाईल, म्हणाले.

"टांगू या. ओली असेल तर वाळेल."

संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. ते शाळेतून निवृत्त झाल्यापासून बाईंच्या कामाला वाहिलेले. संघाच्या धावपळीत बाईंना चाकावर बसायला सकाळचे दोन तासच मिळत. वाळवण, रंग, भट्टी हे सगळं नवऱ्याने अंगावर घेतलं होतं. बाईंचं मनगट दुखायला लागल्यापासून तर ते त्यांना भट्टीकडे फिरकूही देत नसत. बायको मंचावर आणि नवरा भट्टीवर, अशी लोक थट्टा करत, आणि ते स्वतःही हसत.

आज ते हसले नाहीत. "तुझी कशाला फोडतेस? तुझ्यावर कोण संशय घेतंय?"

"कुणी घेत नाही, म्हणूनच."

निदान एखादी जुनी शोधून देतो, माळ्यावर चांगल्या चार-दोन आहेत, असं ते म्हणाले. बाईंनी ऐकलं नाही. लोक गाळ्यावरून विकत नेतात, तीच फोडायची. अहो, एका सुरईचं काय एवढं, दुसरी करीन, असं म्हणून त्या भाषणाचा कागद शोधायला लागल्या. नवरा बराच वेळ दारात उभा होता.

उद्घाटनाला सभागृहात पाय ठेवायला जागा उरली नाही. सुरया फुटणार, ही बातमी पोस्टरांपेक्षा लांब पोचली होती. बाई गाळ्यांवरून फिरत असताना एका जुन्या गिऱ्हाईक बाईंनी त्यांना थांबवलं. म्हणाल्या, साठीत माणसाचे हात थरथरतात, तुमच्या सुरया मात्र वर्षागणिक एकसारख्या होत चालल्यात. शेजारच्या पत्रकाराने ते टिपून घेतलं. बाईंनी त्याला आपला तळहात दाखवला. "रोज मातीत असतो. म्हातारा व्हायला त्याला सवड कुठेय?"

मंचावर टेबलावर पाच सुरया मांडल्या होत्या, प्रत्येकीखाली करणाऱ्याचा गाळा क्रमांक. नवा कुंभार हाताची घडी घालून कडेला उभा होता. पहिल्या रांगेत नवऱ्याची खुर्ची रिकामी होती. गाळ्यावर गर्दी असेल, असं बाईंना वाटलं.

त्यांनी भाषणाचा कागद बाजूला ठेवला. "आमच्यात कुणीतरी लबाडी करतंय, असं आम्हाला कळवलं गेलंय," त्या म्हणाल्या. "आम्ही ते लपवणार नाही. साच्यातला माल ज्याचा निघेल, तो कुणीही असो, आत्ता, इथून खाली उतरेल. परत संघाची पायरी चढणार नाही."

टाळ्या थांबेपर्यंत त्या थांबल्या. मग हातोडी उचलली आणि आपल्या सुरईच्या पोटावर घातली.

तुकडे टेबलभर झाले. बाईंनी त्यातला सगळ्यात मोठा उचलला आणि त्याची आतली बाजू लोकांकडे धरली. "ही बघा, बोटं."

तोच पत्रकार पुढे वाकला. तुकड्याकडे बघितलं, मग बाईंच्या तोंडाकडे, आणि लिहायचा थांबला.

बाईंनी तुकडा स्वतःकडे वळवला. आतून अंगठा फिरवला, खालून वर, काठापर्यंत. अंगठा कुठेही अडखळला नाही.