बॉनेटवरची तीट

शिरड शहापूरच्या भागवतनं आपली जुनी, दोन दारांची लाल स्पोर्ट्स कार हिंगोलीच्या मैदानात सगळ्यात चकचकीत गाडीच्या स्पर्धेला उभी केली. स्पर्धा नवख्यांचीच होती खरी. पण पांढरे हातमोजे घातलेला परीक्षक प्रत्येक गाडीवरून बोट फिरवायचा आणि बोट जरा मळलं की मालकाकडं बघून नुसती मान हलवायचा.

तो शेजारच्या गाडीपाशी आला, अन् भागवतला आपल्या बॉनेटवर काजळाची ठसठशीत तीट दिसली. निघताना माय म्हणालीच होती, “लई देखणी दिसून राहिली रे, नजर लागंल.” त्यानं घाईघाईनं बाहीनं पुसलं, तर काजळ आणखीच पसरलं. घाबरून त्यानं त्यावर पंजाच दाबून धरला.

“हात काढा,” समोर येऊन परीक्षक म्हणाला.

“मायनं... तीट लावली, साहेब.” भागवतनं पंजा उचलला.

परीक्षकानं इकडंतिकडं बघितलं आणि हळूच टोपी वर सरकवली.



त्याच्या कानामागं तसलीच तीट होती. “माझ्याबी मायनं लावली. गाड्या तपासायची माझीबी पहिलीच खेप हाय.”