राजेश्रीची सवाष्ण

चूल थंड होती. चतुराबाईंनी दारातूनच ते पाहिलं आणि हातातली पिशवी उंबऱ्यावर आदळली.

“आज नवमी, अन् सैपाक न्हाई?”

“न्हाई, मावशी.” सविता बाहेर आली. कपाळ मोकळं, गळा मोकळा. तिचे यजमान व्यंकटराव ज्येष्ठात गेले होते. “गुरुजी म्हनले, नवरा हाय तवरच बायकोची नवमी घालायची. त्याच्यामागं न्हाई.”

चतुराबाई दर साली झरीहून दोन एसट्या बदलून गंगेकाठच्या या गावात यायच्या, त्या काही मायेपोटी नव्हे. राखणीला यायच्या. राजेश्री त्यांची एकुलती लेक. ती तापानं गेली आणि वर्षाच्या आत तिच्या जागी ही सविता नांदायला आली. तेव्हापासून पितृपक्षातल्या अविधवा नवमीला, म्हणजे नवऱ्याआधी अहेव गेलेल्या बायकांच्या दिवशी, सविता राजेश्रीच्या नावानं सवाष्ण जेवू घालायची. चतुराबाई भिंतीला टेकून खोड काढायच्या. आमटी पाणचट. पुरण गरगट. ओटीतलं खोबरं खवट. अशी अकरा वर्षं गेली.

“लय बरं झालं तुझं. सुटलीस एकदाची,” त्या म्हणाल्या. “माझी पोरं बी बहिनीचं नाव काढत न्हाईत. सालातून हा एक दिस होता. आता तिचं नाव कुनी घ्यायचं, तुझ्या गुरुजीनं?”

सवितानं कोपऱ्यातलं झाकलेलं ताट उचललं. “गंगेवर चला.”

“मी न्हायला आले न्हाई.”

“नका न्हाऊ. बसून बगा. हमेशा बगता तसं.”

वाटभर सविता पुढं आणि चतुराबाई दहा पावलं मागून तिला सुनावत. घाटावर पुरुषमाणसं ओंजळीनं पितरांना पाणी सोडत होती. गोदावरीच्या संथ पाण्यावर काळे तीळ तरंगत होते. सविता गुडघाभर पाण्यात उतरली. तिनं ताटावरचा कपडा काढला. हिरवी साडी, खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. खोड काढायला चतुराबाई वाकल्या. खोड सापडेना.

“अन् सवाष्ण कुटंय?”

“ही काय समोर.” सवितानं पाण्याकडं पाहिलं. “सप्त्याच्या कीर्तनात महाराज म्हनले होते, गंगा कवाच विधवा होत न्हाई. मंग हिची ओटी भरायला कुनाचा नवरा जित्ता असाया लागतो? आता दर साली हिचीच भरीन. राजेश्रीअक्काच्या नावानं.” ती थोडी थांबली. “माजी नवमी आता कुनी घालनार न्हाई, मावशी. तिची तरी ऱ्हाऊ द्या.”

चतुराबाई पायरीवर टेकल्या.

तेवढ्यात वरच्या पायरीवरून एक बाई तरातरा उतरली. कपाळभर कुंकू, हातभर चुडा.

“अगं ए, काई रीतभात हाय का न्हाई? मोकळ्या कपाळानं गंगामायची ओटी भरायलीस? सोड ते ताट. सवाष्णीच्या हातचं काम हाय.” आणि तिनं ताटाला हात घातला.

सविताची मान खाली गेली. घाटावरच्या माणसांनी वळून पाहिलं. या पोरीची अशी चारचौघांत शोभा व्हावी म्हणून चतुराबाईंनी अकरा वर्षं देवाला हात जोडले होते. आज देवानं ऐकलं होतं.

त्या चपलांसकट पाण्यात शिरल्या. बाईचं मनगट धरून त्यांनी ते ताटावरून बाजूला केलं.

बाई चमकली. “तुमची कोन लागती ही?”

“धाकटी लेक,” चतुराबाई म्हणाल्या. “थोरलीची ओटी भरायलीय. सरक तिकडं.”