पहिला फोटो

"उपाशीपोटी या म्हटलं, तर मागच्या वेळी कॉफीत दूध घालून प्यायलात! पोट तुमचं आणि सांगून सांगून घशाला कोरड माझ्या!" डुलुथच्या दवाखान्यातली नर्स मार्लिस कडाडली.

"दूध नव्हतं ते, क्रीम होतं," म्हातारा ऑरिन गुरगुरला. "तेव्हाच सांगितलं होतं. जरा कान साफ कर."

तिने त्याच्या पोटावर फोटो साठवणारा पट्टा करकचून आवळला आणि आतडी तपासायची कॅमेऱ्याची गोळी डबीतून काढली. "डबीबाहेर आली की ही फोटो काढायला लागते. चटकन गिळा."

तो पाणी घ्यायला वळला. गोळी चिमटीत तशीच धरून मार्लिसने त्याच्या पाठीला हातभर जीभ काढून वेडावलं.

चार दिवसांनी डॉक्टरांनी दोघांसमोर स्क्रीन फिरवला.

 

"आतडी ठणठणीत आहेत, ऑरिन. पहिल्या फोटोतली ही जीभ मात्र तुमची नाही."