कोंबड्यांचा अभिप्राय

व्यापाऱ्याने टेम्पोतले रिकामे पिंजरे उतरवून खुराड्याच्या दारात रचले, तेव्हा बाई पोत्याचं तोंड सोडत होती. पोतं जावयाने आणलं होतं. त्यातून आंबूस वास आला आणि तिने नाक मुरडलं.

"हे खातील माझ्या कोंबड्या?"

"आई, मकाच आहे हा," जावई म्हणाला. "आमच्या कारखान्यात त्यातलं पीठ तेवढं आंबवून गाड्यांचं इंधन करतात. उरतो तो हा चोथा. कस सगळा यातच असतो."

"मका तुम्हीच नेलात आणि वर चोथा आणून देताय. जावई असावा तर असा!"

जावई ओशाळून हसला. माणूस सोन्यासारखा होता. पण राग कुणावर तरी काढायलाच हवा होता. कारखाना सुरू झाल्यापासून मका गाड्या भरभरून तिकडेच जात होता. कोंबड्यांचं खाद्य महागलं, म्हणून अंडी महागली. अंडी महागली, तशी डझनाची गिऱ्हाइकं चारावर आली. तीनशे कोंबड्या पोसणं आता तिच्या आवाक्याबाहेर गेलं होतं. आज त्यांनी हा चोथा खाल्ला नाही, तर सगळ्या पिंजऱ्यांत जाणार होत्या. तिथून पुढे कुठे, ते कुणी सांगायला नको होतं.

तिने चोथ्यावर कोमट पाणी शिंपडलं.

"कारखान्यातले साहेब म्हणाले, कोरडाच घाला," जावई म्हणाला.

"साहेबांनी कधी अंडं घातलंय का?"

व्यापारी खो खो हसला. आज हात हलवत परतावं लागेल, अशी शंकाही त्याला नव्हती.

बाईने उरलासुरला मक्याचा भरडा त्यात कालवला आणि लांबलचक पन्हळीत पसरला. कोंबड्या धावत आल्या आणि जागच्या जागी थबकल्या. तीनशे माना वाकड्या झाल्या. सगळ्यांचं लक्ष हेडबाईकडे. हेडबाई म्हणजे एका बाजूला तुरा पडलेली, सगळ्यांत थोराड कोंबडी. तिने चोच लावल्याशिवाय बाकीच्या हलत नसत. हेडबाईने थोडा चोथा चोचीत घेतला, झटकून टाकला आणि चोच पन्हळीच्या कडेला पुसली.

बाई पन्हळीजवळ उकिडवी बसली. पिल्लू असताना हिलाच तिने ओंजळीत धरून ऊब दिली होती.

"मावशी, वजनाला चांगल्या आहेत," व्यापारी म्हणाला. "भाव चांगला देईन. रडू नका."

"रडतंय कोण? जरा दम धरा."

हेडबाई सरळ पन्हळीत चढली. पायाने उकरलं, पुन्हा चोच मारली. मग आणखी एकदा. मग मान वर करायचंच विसरली. पुढच्या क्षणी अशी झुंबड उडाली की मागे सरकताना जावई पिंजऱ्यांवर आपटला. बाई हसत सुटली. हसता हसता तिचे डोळे भरून आले आणि तिने ते लपवलेही नाहीत.

व्यापारी पिंजरे परत टेम्पोत चढवताना पुटपुटत होता. तिने त्याच्या हातात चार अंडी ठेवली, तशी त्याची कुरकुर थांबली. टेम्पो निघून गेला.

मग जावयाने खिशातून घडी केलेला कागद काढला.

"आई, एक राहिलं. कोंबड्यांनी खाल्लं की नाही, ते लिहून द्यायचंय. साहेबांनी मागितलंय."

"साहेबांना एवढा कोंबड्यांचा कळवळा कधीपासून?"

"तसं नाही, हे पहिलं पोतं फुकट होतं. खातायत म्हणून कळलं, की पुढच्या महिन्यापासून पोत्याला भाव लावणार."

बाईने खुराड्याकडे पाहिलं. पन्हळ लख्ख झाली होती आणि हेडबाई तळाला चिकटलेलं टोचून टोचून काढत होती.

"लिहा," ती म्हणाली. "एकीनेही चोच लावली नाही."

"आई!"

"आणि पुढे लिहा, अजून चार पोती पाठवा. आम्ही प्रयत्न सोडलेला नाही."