तोल

साताऱ्यातल्या त्या साल्सा क्लासमध्ये कोणाला कोणत्या वर्गात घालायचं, हे यंत्रमानव ठरवायचा. येणाऱ्याचा हात धरून तो एका गाण्यावर नाचायचा आणि निकाल सांगायचा.

केतकीने मुद्दाम पावलं चुकवली. साठीतला तिचा नवरा, मंदार, नवशिक्यांतच जाणार हे तिला ठाऊक होतं, आणि तिला त्याच्याबरोबरच नाचायचं होतं.

"पाय चुकवलेत, पण हात पक्का आहे," यंत्रमानव म्हणाला. "वरचा वर्ग."

केतकीचा चेहरा पडला.

मग मंदारची पाळी आली. त्याची पावलं सुरुवातीपासूनच भरकटली. शेवटच्या गिरकीत यंत्रमानवाने नेहमीसारखा मुद्दाम तोल घालवला. जोडीदार नाच न थांबवता आपल्याला सावरतो का, हे तो पाहायचा. मंदारने नाच सोडून त्याला कवेत धरलं, बाकावर बसवलं आणि त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"लागलं का रे?"

यंत्रमानवाने गुडघ्यावरच्या त्या हाताकडे पाहिलं.

"वरचा वर्ग," तो म्हणाला. "पावलं काय, शिकवता येतात."

मंदारचं तिकडे लक्षच नव्हतं. "केतकी, याला जरा पाणी आण गं."

यंत्रमानव पाणी पीत नाहीत, हे केतकीला माहीत होतं. तरी ती पाणी आणायला गेली.