गुरुजींचे रिटेक

मिनाच्या दोन माणसांच्या कंपनीचा शैक्षणिक माहितीपट टीव्हीवर लागणार होता. ते पुढचं, अजून शूटिंगच व्हायचं होतं. औंढ्याजवळच्या तांड्यावरच्या शाळेतली पोरं मोजायला कशी शिकतात, हा विषय. पोरं एकोणतीसलाच अडकत. लहानपणी मिनाही याच शाळेत तिथंच अडकली होती, म्हणून हा माहितीपट तिला करायचाच होता. वर्गातच, पोरांसमोर, शाळेतल्या गुरुजींचं भाषण कॅमेऱ्यात घेतलं. गुरुजी सारखे चुकत, आणि भागीदार जगन दर वेळी क्लॅपची पाटी वाजवून कितवा टेक तो आकडा ओरडे. "गुरुजी, काहून घाबरून राहिले?" मिनानं विचारलं. "न्हाई, मी बराबर बोलून राहिलो," म्हणत ते पुन्हा चुकले. चाळिसाव्या टेकनंतर जगनचा घसा बसला. त्यानं नुसती पाटी वाजवली. अख्खा वर्ग ओरडला, "एक्केचाळीस!" मिनानं कॅमेरा पोरांकडं वळवला. मग अर्ज लिहिला: शिक्षणाधिकारी साहेबांस विनंती, पोरांना शंभर गाठायचे आहेत, तरी गुरुजींना आणखी एकोणसाठ वेळा चुकण्याची लेखी परवानगी मिळावी.